लेखकाचे नाव की छापखान्याचे?

समाजमाध्यमांवर लिहिणाऱ्या प्रत्येकाने आधी आपले सरकारी ओळखपत्र दाखवावे, ते तपासल्याखेरीज कोणालाही एक ओळसुद्धा लिहू देऊ नये, अशी मागणी अलीकडे आपल्या माळव्यातील मराठी घरांतून वारंवार ऐकू येते. या मागणीच्या एका निवेदनावर आमची सहीही मागितली गेली. सही मागणारे वयाने आणि अनुभवाने मोठे आहेत, त्यांच्याविषयी आम्हांस आदर आहे. तरीही आम्ही सही केली नाही. ही मागणी मान्य झाली, तर ज्या दुखण्यावर ती सुचवली जाते ते दुखणे हटणार नाही. मात्र जे आज कोठे बोलू लागले आहेत त्यांचे तोंड बंद होईल, असे आमचे मत आहे. सही नाकारली की कारण सांगणे ओघानेच आले. म्हणून हा लेख.

मागणी नवी नाही. समाजमाध्यमांवरील खाती आधार क्रमांकाशी जोडावीत, असे म्हणणाऱ्या याचिका २०१८ साली मद्रास उच्च न्यायालयात दाखल झाल्या. २०१९ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण विधेयकात, ज्यांची इच्छा असेल त्यांना आपली ओळख पटवून देण्याची सोय मोठ्या समाजमाध्यमांनी करावी, अशी तरतूद होती. ते विधेयक २०२२ साली मागे घेतले गेले. दरम्यान फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान नियम जारी केले आणि हीच सोय त्यांत आली. पण तेथेही ती स्वेच्छेचीच राहिली. तेव्हा वाद आहे तो इतकाच की, ही स्वेच्छा काढून तेथे सक्ती आणावी काय?

सक्तीच्या बाजूने जे बोलले जाते त्यात तथ्य नाही, असे आम्ही म्हणत नाही. जून २०१४ मध्ये शिवछत्रपती आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी चित्रे फेसबुकवर पसरली, पुण्यात दंगल उसळली आणि २ जून रोजी हडपसर येथे संगणक-व्यवसायात काम करणाऱ्या एका तरुणाला जमावाने ठार मारले. त्या चित्रांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. परक्याचे छायाचित्र लावून खाते उघडायचे आणि त्याच्याच नातलगांकडून पैसे उकळायचे, हा प्रकार तर आता नित्याचा झाला आहे. बुरख्याआडून स्त्रियांना शिवीगाळ करणाऱ्यांची गोष्ट वेगळी सांगायला नको. अशा माणसांचा शोध लागावा आणि त्यांना शिक्षा व्हावी, यात दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न असा आहे की, सर्वांची ओळखपत्रे आधीच जमा करून घेतल्याने हे थांबेल काय?

आम्ही हे गंधवानीहून लिहीत आहोत. शेजारच्याच मनावर तहसिलीत बोरलाई नावाचे गाव आहे. मजुरांना दिलेली उचल परत मागण्यासाठी उज्जैन-इंदूरच्या बाजूचे काही शेतकरी ५ फेब्रुवारी २०२० रोजी या भागात आले होते. ‘मुले पळवणारे आले’ अशी आवई उठली आणि बोरलाई येथे जमावाने त्यांना घेरून मारले. एकाचा जीव गेला, इतर जबर जखमी झाले. पैशाच्या तंट्यातून निघालेली ही आवई एका गावातून पुढच्या गावी पोचली, असे तेव्हाच्या वृत्तांतून दिसते. ती पोचवणारे लोक एकमेकांना नावानिशी, बापानिशी ओळखत होते. कोण बोलत आहे हे ठाऊक होते, किंबहुना म्हणूनच तिच्यावर विश्वास बसला.

याआधी दीड वर्ष, १ जुलै २०१८ रोजी, महाराष्ट्रात धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी अशाच संशयावरून मारले गेले. त्या दिवसांत मुले पळवणाऱ्या टोळ्यांचे संदेश व्हॉट्सअ‍ॅपवरून गावोगाव फिरत होते. येथे आमच्या मित्रांनी क्षणभर थांबून विचार करावा. व्हॉट्सअ‍ॅपचे खाते मोबाईल क्रमांकावाचून उघडत नाही, आणि मोबाईलचे सिमकार्ड ओळखपत्र दिल्यावाचून मिळत नाही. म्हणजे ज्या ओळखपत्राची मागणी आज केली जात आहे, ते या माध्यमापुरते केव्हाच दिले गेले आहे. तरीही आवया तेथूनच सर्वाधिक फिरल्या. त्या फिरवणारे बहुतेक लोक आपल्या नात्यागोत्यातलेच होते. कुटुंबाच्या गटावर सकाळी सुविचार पाठवणारे काका आणि दुपारी ‘सावध राहा, पुढे पाठवा’ असा मजकूर पाठवणारे काका एकच असतात, हे आपण सर्वजण जाणतो. काकांची ओळख पटवण्याची गरज कोणालाच नव्हती.

मग या आवयांना थोडाफार आळा बसला तो कशाने? जुलै २०१८ मध्ये कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचांपेक्षा अधिक ठिकाणी पुढे पाठवता येऊ नये, अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये, अनेक हात फिरून आलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असा निर्बंध आला. त्यानंतर अशा संदेशांचे पुढे पाठवणे ७० टक्क्यांनी घटले, असे खुद्द कंपनीनेच सांगितले. कोणाचेही ओळखपत्र न मागता हे झाले, कारण बदल यंत्रात केला होता. जे यंत्र एका अफवेच्या हजार प्रती क्षणात काढते ते यंत्र कोणाचे, ते कसे चालते आणि त्याचा जाब कोण देणार, हा खरा प्रश्न आहे. लिहिणाराच्या ओळखपत्राची चर्चा करून आपण तो बाजूला सारतो, आणि कंपन्यांना ते हवेच असते.

नाव सांगितले म्हणजे माणूस जबाबदारीने बोलतो, असा एक समज आहे. नाव सांगितलेल्या माणसाचे काय होते, हेही पाहावे लागेल. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. पालघरच्या एका तरुणीने त्याविषयी फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीने त्या आवडल्याची खूण केली. दोघींनी आपली खरी नावे लावली होती. दोघींना अटक झाली आणि एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. ज्या ६६अ कलमाच्या आधारे अशी अटक होऊ शकत होती, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवले. खऱ्या नावाने त्या मुलींना संरक्षण दिले नाही. दवाखान्याचा पत्ता मात्र जमावाला मिळाला.

आता आपल्या भाषेकडे पाहू. भाऊ महाजन यांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात १८४८ ते १८५० या काळात १०८ पत्रे प्रसिद्ध झाली. स्वजातीच्या आळसावर, कर्मठपणावर आणि विद्याहीनतेवर त्यांत जे कोरडे ओढले आहेत, तसे त्यापूर्वी मराठीत कोणी ओढले नव्हते. पत्रांखाली सही होती ‘लोकहितवादी’. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते आणि ज्या समाजावर टीका करीत होते त्याच समाजात राहत होते. पुढे १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हे पुस्तक निघाले. प्रौढ, सुशिक्षित, अविवाहित स्त्रीच्या मनात काय चालते, हे त्यात सरळ सांगितले होते. महाराष्ट्रात गदारोळ उडाला. ‘विभावरी शिरूरकर’ ही बाई कोण, याचा शोध सुरू झाला. त्या होत्या स्त्रीशिक्षणाच्या संस्थेत काम करणाऱ्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर. आधी ओळखपत्र दाखवा, मग लिहा, असा नियम त्या काळी असता, तर ही पत्रे आणि ही कथा आपल्याला मिळाली असती काय?

यावर एक चांगला आक्षेप घेतला जातो. टोपणनाव वाचकांसाठी असते, संपादकाला लेखक ठाऊक असतो. ‘प्रसिद्धीसाठी नसले तरी माहितीसाठी नाव-पत्ता कळवावा’, असे आपली नियतकालिकेही सांगत आली. मग कंपनीने नाव जाणून घ्यावे आणि लेखकाने वाटल्यास टोपणनावाने लिहावे, यात बिघडले काय? आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे, पण त्यात गृहीत धरलेले साम्य खरे नाही. संपादक हा एक माणूस असतो. त्याच्या खणात शेदोनशे पत्रे असतात आणि विश्वास मोडला तर त्याला त्याच गावात तोंड दाखवायचे असते. कंपनीजवळ कोट्यवधी लोकांची ओळखपत्रे एका ढिगात पडतील. तो ढीग राखणारा कोण, हे आपल्याला कधी कळणार नाही. आणि ढीग जितका मोठा, तितकी चोरीची ओढ अधिक.

ही केवळ शंका नव्हे. दक्षिण कोरियाने २००७ साली मोठ्या संकेतस्थळांवर लिहिणाऱ्यांची खरी ओळख पटवणे सक्तीचे केले. जुलै २०११ मध्ये तेथील एका कंपनीच्या दोन लोकप्रिय संकेतस्थळांवरून सुमारे साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीस गेली. त्या देशाची लोकसंख्या पाच कोटींच्या आसपास आहे, हे लक्षात घेतले म्हणजे चोरी किती मोठी होती ते कळते. ऑगस्ट २०१२ मध्ये तेथील घटना न्यायालयाने हा कायदा एकमताने रद्द केला. बेकायदा मजकूर या सक्तीमुळे लक्षणीय घटल्याचे दिसत नाही, असेही न्यायालयाने नोंदवले. पाच वर्षे एका प्रगत देशाने हा प्रयोग करून पाहिला आणि सोडून दिला. तो आपण पुन्हा पहिल्यापासून का करावा, याचे उत्तर निवेदनात कोठेही नाही.

ओळखपत्रावरचे नाव हेच खरे नाव, या समजुतीविषयीही थोडे बोलले पाहिजे. निदान आपल्यासारख्या घरांनी तरी. पिढ्यानपिढ्या हिंदी मुलुखात राहिलेल्या मराठी माणसाला कागदाने काय केले, हे आपल्याला सांगावे लागू नये. ‘ळ’ जाऊन ‘ल’ आला आणि काळ्यांचे काले, जोगळेकरांचे जोगलेकर झाले. मधले वडिलांचे नाव एका कागदावर आहे, दुसऱ्यावर नाही. आपल्या सुनांची नावे तांदळात लिहून बदलली गेली. शाळेच्या दाखल्यावर एक नाव आणि शिधापत्रिकेवर दुसरे. यंत्राला दोन कागद जुळलेले हवे असतात. ते न जुळले की माणूस खोटा ठरतो. आणि देवासच्या टेकडीखाली १९४८ पासून १९९२ पर्यंत राहिलेल्या त्या थोर गायकाला आपण काय म्हणणार? कागदावर ते शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली. जगाने त्यांना ओळखले ते लहानपणी मिळालेल्या ‘कुमार गंधर्व’ या नावाने. त्यांचे खरे नाव कोणते, हे कोणत्या कारकुनाने ठरवायचे?

आपली अडचण तरी गैरसोयीपुरतीच आहे. गंधवानीच्या आसपास भिल्ल-भिलाला वस्ती मोठी. आमच्या या शेजाऱ्यांपैकी अनेक वडीलधाऱ्यांची कागदावरची जन्मतारीख शाळेच्या गुरुजींनी अंदाजाने घातलेली असते आणि नाव जसे ऐकू आले तसे उतरवलेले असते. त्यांची नातवंडे आज मोबाईलवर लिहितात, गातात, आपल्या बोलीत बोलतात. जून २०२१ मध्ये आपल्याच धार जिल्ह्यात, टांडा पोलीस ठाण्याच्या हद्दीत, फोनवर बोलल्याच्या रागातून दोन तरुणींना घरच्याच माणसांनी जमावासमोर मारले. त्या मारहाणीची चित्रफीत सर्वत्र पसरली, तेव्हा कारवाई झाली आणि अटका झाल्या. अशी चित्रफीत बाहेर पाठवणाऱ्याने आधी आपले ओळखपत्र द्यावे असा नियम असेल, तर उद्या ती कोण पाठवील? आणि अशा घरातील मुलीला स्वतःचे दुःख लिहायचे झाले, तर ती कोणाच्या नावावर घेतलेल्या सिमवरून, कोणाच्या ओळखपत्रावर लिहील? बापाच्या की भावाच्या?

निवेदनावर सह्या करणाऱ्या आमच्या मित्रांना हे दिसत नाही, याचे कारण आम्हांस कळते. आपल्याजवळ नाव आहे. ते घराण्याचे आहे, धार-देवासच्या जुन्या दप्तरांत ते सापडते, आणि त्यापुढे ‘साहेब’ किंवा ‘राव’ लावून लोक ते घेतात. आपल्याला आपले नाव सांगण्याने काही गमवावे लागत नाही, उलट वजन पडते. ज्यांच्या नावातून जात, पाडा आणि बापाचे घर एका क्षणात कळते आणि कळल्यावर काहीही भले होत नाही, त्यांनाही आपलाच नियम लावावा असे आपण म्हणतो. त्याला आपण सर्वांना समान न्याय म्हणतो. आम्हांस ते मान्य नाही.

तर मग करावे काय? उत्तर आपल्याकडे दीडशे वर्षांपासून आहे. १८६७ साली परकीय सरकारने छापखाने आणि पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा केला. छापलेल्या मजकुरावर नजर ठेवणे हाच त्याचा हेतू होता. त्या संशयखोर सरकारनेसुद्धा प्रत्येक पुस्तकावर आणि पत्रावर नाव मागितले ते मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे. लेखकाच्या नावाची अट घातली नाही. नियतकालिकांपुरती या कायद्याची जागा मार्च २०२४ पासून नव्या कायद्याने घेतली आहे. तत्त्व तेच आहे. छापील मजकुराचा जाब कोणाला विचारायचा, हे वाचकाला आणि न्यायालयाला माहीत असले पाहिजे. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात आरोपाचा आधार असलेल्या मजकुरात ‘केसरी’तील टोपणनावाने छापलेली एक कविता होती. शिक्षा झाली ती टिळकांना, दीड वर्ष सक्तमजुरीची. शिक्षा अन्याय्य होती, पण जबाबदारी कोणाची हा प्रश्न तेथे कोणी विचारला नाही. ज्याने छापले, त्याने ती पत्करली.

आजच्या छापखान्यांना मात्र माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ७९ व्या कलमाचे कवच आहे. काही पथ्ये पाळली की वापरकर्त्याच्या मजकुराचा दोष त्यांच्यावर येत नाही. ‘आम्ही केवळ टपालवाले’, असे ते सांगतात. पण टपालवाला सर्वांत भडक पत्र निवडून ते आधी वाटत नाही, आणि न मागितलेले पत्र हजार दारांत टाकत नाही. ही निवड कंपनीचे यंत्र करते आणि तिच्यावर कंपनी पैसे मिळवते. तेव्हा निवेदन द्यायचेच असेल, तर त्यात आम्ही पुढील मागण्या घालू. यंत्राने स्वतःहून पसरवलेल्या मजकुराची जबाबदारी कंपनीने घ्यावी. पैसे देऊन मजकूर पसरवणाऱ्या प्रत्येकाचे नाव जाहीर व्हावे. तेथे टोपणनाव चालू नये. दुसऱ्याचे नाव वा चेहरा चोरून उघडलेले खाते तक्रार येताच बंद व्हावे, आणि तक्रार आपल्या भाषेत करता यावी. गुन्हा घडला असेल तर न्यायालयाच्या आदेशाने, त्या एका माणसाचा माग काढावा. त्यासाठी सर्वांची ओळखपत्रे आगाऊ गोळा करू नयेत. ज्यांना स्वेच्छेने ओळख पटवून द्यायची आहे, वैद्यांनी, व्यापाऱ्यांनी, संस्थांनी, त्यांनी ती खुशाल द्यावी. मात्र न देणाऱ्याकडे चोर म्हणून पाहू नये.

एक मागणी आपल्या घरांकडेही आहे. जो संदेश वाचून आपला राग उफाळतो किंवा भीती दाटते, तो पुढे पाठवण्याआधी त्याचा मूळ ठिकाणा विचारावा. ठिकाणा मिळाला नाही तर तो आपल्यापाशीच थांबवावा. बोरलाई आपल्यापासून दूर नाही.

या त्रैमासिकाच्या प्रत्येक अंकात मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे छापलेली असतात. लेखाखाली टोपणनाव असले म्हणून आजवर कोणी वर्गणी बंद केली नाही. आम्ही हा लेख आमच्या नावानिशी दिला आहे, कारण आम्हांस ते परवडते. ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी निनावी जागा मोकळी राहावी, एवढ्याचसाठी आम्ही त्या निवेदनावर सही केली नाही, आणि पुढेही करणार नाही.